एग्झॉस्ट वळवल्यापासून स्लेडवर बर्फ धरतो: कारण कसं शोधायचं आणि पाइपचं तोंड कुठे काढायचं

कॅनडातल्या उत्तर ऑन्टारियोत दर हिवाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते. स्लेडचा, म्हणजे स्नोमोबिलचा, एग्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) बदलला, सायलेन्सर छोटा बसवला किंवा पाइपचं तोंड दुसरीकडे वळवलं, आणि पहिल्याच कडाक्याच्या थंडीत उजवी स्की वळेना. कोणाची स्टार्टरची दोरी सकाळी जागची हलत नाही. कोणाच्या रनिंग बोर्डवर, म्हणजे पाय ठेवायच्या पट्टीवर, असा थर धरतो की बूट ठरत नाही. कोणाचं इंजिन सुरू होतं, मिनिटभर घुटमळतं आणि गुदमरून बंद पडतं. बर्फ फोडून काढला की गाडी दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच.

स्नोमोबिल म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा (ट्रॅक) असलेली, स्नोवर चालणारी गाडी. गुलमर्गला पर्यटकांना बसवून फिरवतात तीच गाडी. सडबरी, टिमिन्स, थंडर बे या पट्ट्यात ती हौसेची आहे तशीच काहींच्या रोजच्या गरजेची. कामाला किंवा शिकायला इकडे आलेली आपली मंडळीही एखाद-दोन हिवाळे काढले की जुनी स्लेड बघू लागतात. जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाने केलेले फेरफार फुकट येतात, आणि त्यात एग्झॉस्टचा नंबर पहिला असतो. हे लिहितोय ते मुख्यतः अशा गाडीसाठी. नवीन गाडीवर स्वतः काम करणाऱ्यांनी कापाकापी करायच्या आधी वाचलं तर अर्धा त्रास वाचेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पेट्रोल जळलं की धूर होतो तसं पाणीही होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हायड्रोजन पेट्रोलमधला, ऑक्सिजन हवेतला. ४० लिटरची टाकी रिकामी केलीत म्हणजे जवळजवळ ४० लिटर पाणी तुम्ही वाफ करून त्या पाइपातून बाहेर टाकलंत. गाडी पळत असेल तर ही वाफ मागे उडून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ती स्नोवर किंवा गार लोखंडावर आदळली की मात्र प्रकरण वाढतं. एक किलो वाफ निवून शून्य अंशाचं पाणी होईपर्यंत जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात सात-आठ किलो स्नो वितळू शकतो. म्हणजे प्रश्न फक्त धुरातल्या पाण्याचा राहत नाही. त्या वाफेने वितळवलेला स्नोही पाणी होऊन गाडीवरच ओघळतो आणि उणे २० अंशांतल्या लोखंडाला टेकल्याबरोबर गोठतो.

म्हणून एग्झॉस्ट वळवणं म्हणजे पाणी वळवणं. कोकणात घर बांधताना पन्हळीचं तोंड कुठे सोडायचं हे आधी ठरवतात, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी भिंतीच्या पायात मुरतं. तोच विचार इथे पाइप कापायच्या आधी करायचा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गाड्यांत फेरफार करणाऱ्याने आवाजाचा विचार केलेला असतो, वजनाचा केलेला असतो, पाण्याचा केलेला नसतो. बिघाडाचं मूळ तिथे आहे. हातोडी आणि हीट गन घेऊन रोज बर्फाशी झगडण्यात अर्थ नाही.

बर्फ कुठून आला ते आधी ठरवा

स्लेडवरचा सगळा बर्फ एग्झॉस्टचा नसतो, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. लिक्विड-कूल्ड, म्हणजे कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन गार ठेवणाऱ्या गाड्यांमध्ये टनेलच्या (ट्रॅकवरच्या अॅल्युमिनियमच्या लांब खोक्याच्या) पोटाला हीट एक्स्चेंजर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या, असतात. ट्रॅक स्नो उडवतो, तो त्यांच्यावर बसतो, कूलंट गार करतो आणि वितळून खाली मागच्या सस्पेन्शनवर ठिबकतो. त्यामुळे रेल, शॉक आणि चाकांभोवती बर्फ धरणं हे त्या रचनेतच आहे. तिथला बर्फ पाहून कोणी सायलेन्सर बदलायला निघाला असेल तर त्याला थांबवा. तळ्यावरून जाणाऱ्यांचं वेगळंच असतं. वरच्या स्नोच्या भाराने गोठलेला पृष्ठभाग खाली दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि स्नोखाली चिखल तयार होतो. त्यातून गाडी नेली आणि लगेच थांबवली तर सगळं पोटच गोठतं. त्यावर उपाय एकच, चिखलातून बाहेर पडल्यावर थांबायचं नाही. कोरड्या स्नोत गाडी पळवत ठेवली की बराचसा चिखल झडून जातो.

एग्झॉस्टचा बर्फ ओळखायला रंग आणि जागा या दोन गोष्टी पुरतात. पांढरा, दाबल्यावर भुगा होणारा असेल तर तो नुसता चेपलेला स्नो. स्वच्छ, टणक, थरांचा असेल तर वितळलेलं पाणी पुन्हा गोठलंय. करडा किंवा काळपट असेल, नाकाजवळ धरल्यावर जळक्या तेलाचा वास येत असेल, तर त्यात एग्झॉस्टचं पाणी मिसळलंय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्यामुळे तिथे हा काळपटपणा जास्त आणि चिकट असतो. फोर-स्ट्रोकमध्ये फिकी काजळी दिसते, कधीकधी ती नसतेच. तिथे रंगापेक्षा जागेवर भरवसा ठेवावा.

नाशिककडचा एक मित्र इथे खाणीत कामाला आहे. त्याने जुनी दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक स्लेड घेतली. आधीच्या मालकाने तिला हलका, छोटा सायलेन्सर लावलेला होता. ‘दादा, उजवीकडे वळवली की हँडल मध्येच अडतं. सकाळी तर ते हलतच नाही,’ असं म्हणत तो गाडी घेऊन आला. उजवं साइड पॅनल काढलं तर बेली पॅनच्या, म्हणजे इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या पोटाच्या, तळाला बर्फाची लादी. रबरी हातोडीने कडा सैल करून ती अख्खी बाहेर काढली आणि उजेडात धरली. खालचा दोन बोटं थर आरपार दिसणारा, त्यावर एक करडी रेघ, पुन्हा स्वच्छ थर, पुन्हा रेघ. वर जाताना रेघा काळ्या आणि तेलकट होत गेलेल्या. एका कडेला स्टिअरिंगच्या दांड्याची खोबण उमटली होती. दांडा सरळ असताना जेवढा हलतो तेवढीच जागा तिच्यात उरलेली. हँडल मध्येच का अडत होतं ते त्या खोबणीने सांगितलं. प्रत्येक फेरीत थोडं पाणी साचत होतं, रात्री गोठत होतं, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनाचा पहिला धूर त्यावर काजळी टाकत होता. ४० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ५ जाड एवढी लादी धरली तरी वजन साडेपाच किलो होतं, आणि तेही सगळं एका कुशीला.

मग नजर गेली सायलेन्सरच्या तोंडाकडे. बहुतेक स्लेडमध्ये क्लच आणि बेल्ट डावीकडे असतात, सायलेन्सर उजवीकडे, आणि त्याचं तोंड बेली पॅनमधल्या भोकातून खाली निघतं. मूळ सायलेन्सरचं तोंड पॅनच्या बाहेर डोकावतं आणि भोकाभोवती सील किंवा रिंग असते. या छोट्या सायलेन्सरचं तोंड भोकाच्या पातळीलाच संपलं होतं, सीलचा पत्ता नव्हता. भोकाच्या आतल्या कडेला दाट काजळी, बाहेरच्या कडेला जवळजवळ नाहीच. प्लास्टिकची कडही आत वळून लाटेसारखी वाकडी झालेली. याचा अर्थ सरळ आहे. गाडी उभी असताना किंवा खोल स्नोत हळू चालताना खालचा स्नो भोक झाकून टाकत होता, आणि वाफ परत आत शिरत होती. आत व्हेंटमधून (हवेच्या झरोक्यांतून) आलेला स्नोचा भुगा असतोच. वाफेने तो वितळवला आणि पाणी तळाला बसलं.

तुमच्या गाडीत सगळ्यात आधी ही आतली आणि बाहेरची कड बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या गाड्यांचं उत्तर तिथे सापडतं. तिथे काही नसेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी बाहेर मोकळ्यावर उभी करा, पॅनल काढा, गार इंजिन सुरू करा आणि टॉर्च पलीकडून मारा. गार हवेत वाफ स्पष्ट दिसते. ती कुठून निघते, कशावर आदळते, कुठे परत वळते ते डोळ्यांनी बघा. टू-स्ट्रोकमध्ये पाइप आणि सायलेन्सर जिथे स्प्रिंगांनी जोडलेले असतात तो बॉल जॉइंट नीट तपासा. तिथे काळे तेलकट शिंतोडे असतील तर गळती आहे. स्प्रिंगा सैल असतील तर बदला आणि जॉइंटला जास्त तापमानाचा सिलिकॉन सीलंट लावा. ही चाचणी कधीही बंद गॅरेजात करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार अर्धं उघडं ठेवणं म्हणजे मोकळी हवा नव्हे.

कुठे कापायचं नाही

टू-स्ट्रोकचा तो पोट फुगलेला पाइप शोभेचा नाही. सिलिंडरमधून धूर सुटला की दाबाची लाट त्या पाइपात पुढे जाते, शेवटच्या निमुळत्या भागावरून परत फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट नेमक्या वेळी परत यावी यासाठी पाइपची लांबी, शंकूंचा उतार आणि शेवटच्या बारीक नळीचा व्यास हे सगळं त्या इंजिनाला मोजून दिलेलं असतं. ही शेवटची नळी बारीक केली तर पाइपातला दाब आणि उष्णता वाढून पिस्टन जळू शकतो. मोठी केली तर ताकद जाते. म्हणून बर्फासाठी म्हणून सायलेन्सरच्या आधी काहीही कापायचं नाही, वाकवायचं नाही, लांब करायचं नाही. जे काही करायचं ते सायलेन्सरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या तोंडावर. तिथेही आतला व्यास मूळ तोंडापेक्षा कमी होता कामा नये.

फोर-स्ट्रोकमध्ये थोडी मोकळीक आहे, पण ज्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आहे तिथे सेन्सरच्या आधी भोक, फट किंवा कच्चा वेल्ड चालत नाही. बाहेरची हवा आत खेचली गेली की सेन्सर चुकीचं वाचतो आणि कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण चुकवतो. टर्बो गाड्यांना मात्र घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथली उष्णता आणि दाब वेगळ्याच पातळीवरचे असतात.

तोंड कसं असावं

मित्राच्या गाडीवर केलेलं काम साधं होतं. सायलेन्सरच्या तोंडाला त्याच व्यासाचा स्टेनलेसचा तुकडा जोडला, दीड मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वेल्डिंगला त्रास होत नाही आणि गंजतही नाही. हा तुकडा पॅनच्या बाहेर साधारण २५ मिलिमीटर डोकावेल एवढाच ठेवला. त्याहून आखूड ठेवला तर वाफ कडेला चिकटून परत आत येते. फार लांब काढला तर खोल स्नोत तो नांगरत जातो आणि एखाद्या गोठलेल्या ढेकळावर आपटून सायलेन्सरचे हँगरच तोडतो.

दिशा मात्र घाईत ठरवू नका. तोंड थेट खाली असेल तर गाडी उभी राहिल्याबरोबर खाली स्नोत खड्डा पडतो आणि वाफ तिथेच कोंडते. पूर्ण बाजूला वळवलं तर ती स्कीच्या स्पिंडलवर (स्की धरणाऱ्या उभ्या दांड्यावर) किंवा ए-आर्मवर (सस्पेन्शनच्या आडव्या हातावर) बसते, आणि टाय रॉडचं, म्हणजे स्की वळवणाऱ्या दांड्याचं, टोक गोठतं. पूर्ण मागे वळवलं तर रनिंग बोर्डच्या पुढच्या खळगीत, जिथे आपला बूट असतो, तिथे थर धरतो आणि ट्रॅकच्या कडेला पाणी जातं. यातली मागची दिशा मला सगळ्यात धोक्याची वाटते. वळणावर गाडीबरोबर झुकताना बूट घसरला तर माणूस सरळ खाली. खाली आणि किंचित मागे-बाहेर, साधारण ४५ अंशांत, अशी दिशा बहुतेक गाड्यांना मानवते. पक्कं करण्याआधी ती टॉर्चची चाचणी पुन्हा घ्या. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पुढची बाजू दाबून सस्पेन्शन पूर्ण बसवा, आणि वाफेच्या वाटेत स्पिंडल, ब्रेकची नळी, वायर यांतलं काही येतं का ते बघा. गाडी स्टँडवर असताना जे दूर दिसतं ते सस्पेन्शन बसल्यावर जवळ येतं.

बेली पॅन बहुधा पॉलिइथिलीनचं असतं. ते १२० ते १३० अंशांच्या आसपास हार मानतं आणि पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो. म्हणून पाइप आणि प्लास्टिक यांच्यात निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती मिळत नसेल तर मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा घाला, पण तो प्लास्टिकला चिकटवू नका. पत्रा आणि प्लास्टिक यांच्यात हवेची फट राहिली तरच त्याचा उपयोग. भोकाभोवती मूळ सील मिळालं तर उत्तम. जुन्या गाडीचं मिळत नसेल तर उष्णता सोसणारं सिलिकॉन रबर पत्र्याच्या रिंगमध्ये धरून बसवता येतं. सायलेन्सर रबरी हँगरवर हलतो, त्यामुळे रिंग पाइपला आवळून नको, थोडी ढिली हवी.

पाइपला गुंडाळायच्या पट्टीबद्दल बरेच जण विचारतात. मी ती टू-स्ट्रोकला लावू नका असं सांगतो. ती पाणी धरून ठेवते, साधा लोखंडी पाइप पट्टीखाली गंजतो, आणि बॉल जॉइंटमधून गळलेलं तेल शोषून घेतलं तर पेटण्याचाही धोका असतो.

आता पॅनच्या तळाचा निचरा. कितीही केलं तरी थोडं पाणी आत येणारच. गाडी स्कीवर जशी उभी राहते तशी समतल जागेवर उभी करा, पॅनमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जमतं ते बघा. सगळ्यात खोल जागा डोळ्यांना वाटते तिथे नसते. कंपनीने दिलेली निचऱ्याची भोकं असतील तर ती मोकळी करा. ती बहुधा चिखल, बेल्टचा भुगा आणि तेल यांनी बुजलेली असतात. नसतील तर जिथे पाणी जमलं तिथे १० ते १२ मिलिमीटरचं एक भोक पुरे. चार-पाच भोकं पाडणाऱ्यांच्या गाडीत खालून स्नोचा भुगा वर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वरच्या व्हेंटवर बारीक जाळी बसवली तर आत येणारा भुगा बराच कमी होतो. फक्त क्लचकडे हवा नेणारी वाट कोंडली जात नाही ना, ते बघा, नाहीतर बेल्ट तापतो.

पाइप मागे नेला असेल तर

काही फोर-स्ट्रोक गाड्यांत एग्झॉस्ट सीटखालून टनेलवरून मागे जातो, आणि काही जण पुढून निघणारा पाइप मुद्दाम मागे नेतात. पुढचा बर्फाचा त्रास खरोखर जातो. त्याऐवजी एक नवीन दुखणं येतं, आणि ते जास्त फसवं असतं.

पाइप जितका लांब, तितका धूर वाटेत गार होतो. पेट्रोलच्या धुरातली वाफ ५० अंशांच्या आसपास पाणी होऊ लागते. उणे २५ मध्ये गाडी सुरू केली की लांब पाइपची मागची बाजू बराच वेळ त्या तापमानाच्या खालीच असते, म्हणजे तेवढा सगळा वेळ आत पाणी जमतंय. तुम्ही दूरवर गेलात तर पाइप तापतो, पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जातं. पण गाडी अंगणात पाच मिनिटं चालू ठेवली, मासेमारीच्या झोपडीपर्यंत नेली, बंद केली, परत आणली, असा वापर असेल तर पाणी सायलेन्सरच्या खोलगट भागात साचत राहतं. एका रात्री ते गोठतं आणि पाइप बुजतो. सकाळी इंजिन सुरू होऊन गुदमरतं. लोक स्पार्क प्लग बदलतात, इंधनाचा पंप बदलतात, बॅटरीला दोष देतात. आधी पाइपच्या तोंडात वाकडी तार घालून बघा. तार मध्येच टणक काहीतरी लागून थांबली तर पंपाचे पैसे वाचले.

अशा पाइपवर जोर लावून इंजिन फिरवत राहू नका. धुराला वाट नसली की तो जॉइंटमधून सीटखाली सुटतो, तिथे प्लास्टिक आहे, वायर आहेत, टाकी आहे. गाडी गरम जागेत नेऊन बर्फ आपोआप वितळू द्यावा, खाली परात ठेवावी. कायमचा उपाय म्हणजे सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं एक भोक. तो बिंदू गाडी पार्किंगमध्ये जशी बसते तशी असताना शोधायचा, कारण मागचं सस्पेन्शन दबलं की खोलगट जागा सरकते. भोकाखाली टनेल असेल तर त्यातून ठिबकणारं पाणी टनेलवरच गोठेल. तिथे बोटभर नळी वेल्ड करून पाणी कडेच्या बाहेर सोडावं. आणि अंगणात पाच-पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायची सवय मोडावी. इंजिन थोडं ऊबदार झालं की निघायचं आणि सुरुवातीचं अंतर हळू चालवायचं.

मागे तोंड असलेल्या गाडीत स्नो फ्लॅप (मागे लोंबणारा पडदा) आणि टेललाइटवरही थर धरतो. पाइपचं तोंड फ्लॅपच्या मागच्या कडेपलीकडे गेलं आणि किंचित वर उचललं की तो बराच कमी होतो. टेललाइट झाकला जात असेल तर हा विषय उद्यावर टाकू नका. ट्रेलवर मागून येणाऱ्याला स्नोच्या धुरळ्यात तोच लाल दिवा दिसतो.

आवाज आणि कायदा

ऑन्टारियोत सायलेन्सर चालू स्थितीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. कारखान्यातून प्रमाणित होऊन निघणाऱ्या स्लेडना पूर्ण थ्रॉटलला ५० फुटांवरून ७८ डेसिबलची मर्यादा १९७५ पासून आहे. बर्फाच्या निमित्ताने सायलेन्सरच काढून सरळ नळी लावणं हा उपाय नव्हे. त्यात माझा खरा आक्षेप पोलिसांच्या दंडाचा नाही. इथल्या ट्रेलचा मोठा भाग खासगी जमिनीतून जातो आणि जमीनमालक तो स्वखुशीने वापरू देतात. रात्री घराशेजारून फाटक्या आवाजाच्या गाड्या जाऊ लागल्या की ते परवानगी काढून घेतात, आणि मग सगळ्यांचा रस्ता तुटतो.

धरलेला बर्फ काढताना

रबरी हातोडी आणि धीर, बस. स्क्रू ड्रायव्हरने टोचायला गेलात की कूलंटची नळी किंवा वायर फुटते. उकळतं पाणी ओतू नका. ते पुढे जाऊन केबलमध्ये गोठतं. मीठ तर अजिबात नको, टनेल अॅल्युमिनियमचं असतं आणि मीठ त्याला खातं. गॅरेज गरम असेल तर रात्रभर परात ठेवून गाडी उभी करा, पण सकाळी बाहेर काढण्याआधी पॅन, केबलची टोकं आणि स्टिअरिंगचे सांधे पुसून कोरडे करा. अर्धवट वितळलेली गाडी उणे २५ मध्ये नेली की ती आधीपेक्षा वाईट गोठते. कोरड्या पॅनला, ए-आर्मला आणि स्पिंडलभोवती सिलिकॉन स्प्रे मारला की पुढचा थर सहज सुटतो. रनिंग बोर्ड आणि ब्रेक डिस्क यांच्या जवळपासही तो डबा नेऊ नका.

संध्याकाळी गाडी लावताना भुसभुशीत स्नोत लावू नये. आपल्याच चेपलेल्या वाटेवर किंवा फळ्यांवर उभी करावी, म्हणजे पोटाखाली हवा राहते आणि पाइपच्या तोंडाखाली खड्डा होत नाही. इंजिन बंद करण्याआधी हँडल दोन-चार वेळा पूर्ण फिरवावं, ब्रेक दाबून सोडावा, म्हणजे ओलावा असेल तर तो एका जागी धरत नाही. बंद केल्यावर बेली पॅनच्या भोकाभोवतीचा ओला स्नो हातानेच झटकून टाकावा, तो अजून मऊ असतो.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा. तो झटक्याने परत आला पाहिजे. रेंगाळला तर केबलमध्ये बर्फ आहे, आणि अशी गाडी सुरू केली की ती तुमच्या हातात राहत नाही. केबल मोकळी होईपर्यंत इंजिनाला हात लावू नका, आणि टेदरची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) अंगाला अडकवल्याशिवाय कधीच सुरू करू नका. मग हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पाइपच्या तोंडात बोट घालून वाट मोकळी आहे का ते बघा, आणि नंतरच स्टार्टर ओढा.